शिवणीच्या लाकडाची मोटार

ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. औषधं कोणती आणि ती किती दिवस घ्यायची, ते डॉक्टर सांगतील. मला सांगायचं आहे ते दवाखान्यातल्या माझ्या चौदा महिन्यांविषयी, तिथं मी कोरलेल्या एका लाकडी मोटारीविषयी आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी. चूक आधीच सांगून टाकावी असं वाटलं होतं, पण तीन-चार कागद फाडल्यावर कळलं की ती तिच्या जागीच सांगावी लागेल.

मी अकोल्याला एका शाळेत चित्रकला शिकवायचो. जठारपेठेत दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. घरात मी, बायको सुमती आणि पाच वर्षांची मुलगी छबी. वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. उन्हाळ्यात मला खोकला लागला. खडूची धूळ असेल म्हणून मी दोन महिने काढले. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, तेही उन्हामुळे असं मी ठरवलं. मग एक दिवस फळ्यावर पेरू काढून दाखवताना उबळ आली आणि रुमालावर रक्त पडलं. मी वर्गाकडे पाठ करून उभा होतो, म्हणून कुणाला दिसलं नाही. रुमाल खिशात घातला, पेरू पुरा केला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि बोटाने उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग दाखवला. मी चित्रकलेचा मास्तर, पण मला त्यात काही दिसेना.

"क्षय आहे," ते म्हणाले. मग विचारलं, "घरात लहान मूल आहे?"

"मुलगी आहे. पाच वर्षांची."

"कुठं झोपते?"

"माझ्याजवळ. माझ्या हातावर डोकं ठेवून."

त्यांनी फोटो पाकिटात घातला. मग म्हणाले, "तिला उद्याच्या उद्या घेऊन या. उशीर करू नका."

*

घरी येऊन सुमतीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. माझं अंथरूण तिने बाहेरच्या खोलीत घातलं, ताट-वाटी वेगळी काढली. मग म्हणाली, "छबीला उद्या मी नेते."

मी म्हणालो, "इथं नको. त्या दवाखान्यात तू तिला घेऊन गेलीस की संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळेल. मुलीची जात आहे. उद्या तिचं लग्न व्हायचं आहे. आणि तिला झालंय काय? उड्या मारते आहे. पुढं अमरावतीला दाखवू."

सुमतीने माझ्याकडे पाहिलं. तिला ते पटलं नव्हतं. पण त्या दिवशी माझ्याशी वाद घालायचं तिच्या मनात आलं नसावं. आजारी माणसाचं सगळे ऐकतात. त्याचा मी फायदा घेतला.

ही माझी चूक. पुढं अमरावतीच्या दवाखान्यात भरती होताना तिथल्या डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, "मुलीला तपासलं का?" मी म्हणालो, "हो. ठीक आहे ती." त्यांनी तसं लिहून घेतलं.

निघायच्या दिवशी छबी दारात उभी होती. तिला जवळ घ्यायचं नाही असं मला बजावलं होतं, म्हणून मी छत्री उगाच या हातातून त्या हातात करत राहिलो. तिने विचारलं, "बाबा, मोटारीनं जाणार?" आमच्या गल्लीत एका वकिलांकडे मोटार होती. तिचा आवाज ऐकला की छबी जेवणावरून उठून पळायची. मी म्हणालो, "आगगाडीनं जातो. येताना तुझ्यासाठी मोटार आणीन." ती म्हणाली, "मोठी आणा. आईपण बसेल."

*

दवाखाना गावाबाहेर होता. लांब वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, एका अंगाला व्हरांडा आणि त्यापुढे कडुनिंबाची झाडं. पहाटे ताप मोजायचा, मग दूध, मग सुई. दुपारी दोन तास सक्तीची झोप. त्या वेळात वाचायचं नाही, बोलायचं नाही, कुशीवर वळायचं तेही हळूच. उशाशी झाकणाचा डबा, थुंकायला. अंडी खायला मी आठवडाभर नाही म्हणालो. सिस्टर म्हणाल्या, "देवाला मी सांगते, तुम्ही खा." मी खाल्ली. पुढं आवडायलाही लागली.

भीती कशी असते ते सांगतो. सकाळी जाग आली की मी आधी खाटा मोजायचो. एखाद्या खाटेवरची गादी बाहेर उन्हात टाकलेली दिसली की त्या दिवशी कुणी त्या बाजूला बघत नसे. जेवणाच्या वेळी एक ताट कमी यायचं. बाकी काही बदलायचं नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर कादरभाई होते. अचलपूरचे मिस्त्री. ट्रक आणि मोटार-लाऱ्यांना लाकडी बॉडी बांधायचं त्यांचं काम. पन्नाशीचे, उंच, आवाज खोल गेलेला. माझ्याआधी सहा महिने आले होते आणि आता त्यांना हिंडा-फिरायची परवानगी होती.

तीन महिन्यांनी माझा ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, आता बसून काहीतरी हलकं काम करा, सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास. त्यांची स्वतःची मोटार रोज कडुनिंबाखाली उभी असायची. मी कादरभाईंना म्हणालो, "ही मोटार मला लाकडात करायची आहे. मुलीसाठी. हुबेहूब."

"चाकू धरला हाय का कधी?"

"पेन्सिलीला टोक करायला."

"मंग येते तुमाले," ते म्हणाले. "लाकूड म्हंजे जाडी पेन्सिलच."

*

मला मोटारीपर्यंत चालायची परवानगी नव्हती. कादरभाईंनी सुतळी घेऊन तिची मापं काढली, लांबीला एक गाठ, रुंदीला एक, उंचीला एक. डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं, "काय मिस्त्री, कफन शिवता का माझ्या गाडीला?" त्यांना कळलं तेव्हा त्यांनीच टेप पाठवला. फुटाला अर्धा इंच असं प्रमाण मी धरलं. चौदा फुटांची मोटार सात इंचांची झाली. चौकडीच्या कागदावर मी तिची तीन चित्रं काढली, बाजूने, वरून आणि समोरून.

लाकूड शिवणीचं. कादरभाईंच्या भाच्याने परतवाड्याच्या लाकूड डेपोतून आणून दिलं, पांढरट, हलकं, तेल पाजल्यासारखं गुळगुळीत. माझं चित्र त्यांनी ठोकळ्यावर खळीने चिकटवलं आणि बाजूचा आकार करवतीने स्वतः कापून दिला, कारण करवतीने मला दम लागला असता. पुढचं सगळं माझं.

पहिल्याच दिवशी बोनेटच्या कडेचा कपचा उडाला. कादरभाईंनी ठोकळा माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे तिरपा धरला आणि नखाने त्यातली रेघ दाखवली. "हे पाहा, लाकूड कुठं चाललं हाय. त्याच्या संगं चाकू चालवा. उलटा चालवला तर थे ऐकत नाई." मग म्हणाले, "आन जल्दी करा मास्तर. पोरगी वाट पाहून राहिली."

सिस्टरांनी धूळ उडवायला बंदी केली होती. म्हणून काचकागद ओला करून घासायचो, नाहीतर फुटक्या बाटलीच्या काचेने तासायचो. काचेने तासलं की लाकडाची पातळ, कुरळी साल निघते, धूळ होत नाही. मोटारीचा टप मी असाच काचेने गोल केला. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी एकदाही सकाळी खाटा मोजल्या नाहीत.

सुमती दर आठवड्याला पत्र लिहायची, आणि महिन्यातून एकदा भेटायला यायची. मुलांना आत येऊ देत नसत. पत्राच्या शेवटी छबी सांगेल ते वाक्य असायचं. "बाबा, मांजरीला पिल्लं झाली, एक माझं." "बाबा, मोटार हिरवी पाहिजे." "बाबा, मी आज रडले नाही, आईच रडली." तिथं सुमतीने काही खोडलं नव्हतं.

*

दिवाळीनंतर सुमतीचं येणं थांबलं. तिचा भाऊ माधव अमरावतीलाच कचेरीत होता, तो दर रविवारी यायचा. म्हणाला, "छबीला गोवर आला होता. आता बरी आहे. पण अशक्त आहे, ताईला निघता येत नाही." गोवर सगळ्या मुलांना येतो. मी विश्वास ठेवला.

पत्रं मात्र येत होती. छबीची वाक्यंही होती, आता जरा लांब. "बाबा, औषध वेळेवर घेता ना?" "बाबा, दूध टाकून देऊ नका." मी ती कादरभाईंना वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, "बघा, किती शहाणी झाली." पाच वर्षांची मुलगी बापाला औषधाचं विचारत नाही. तिला मांजरीचं सांगायचं असतं. मला हे कळायला हवं होतं.

त्याच दिवसांत कादरभाई बदलले. आधी घाई करणारा माणूस आता प्रत्येक गोष्टीत खोट काढायला लागला. खिडक्यांसाठी मी लाकूड जरासं खोल खणलं होतं. ते म्हणाले, दोन्ही बाजूंच्या सारख्या नाहीत. पुन्हा केल्या. चाकं हळदूच्या लाकडाच्या गोल दांड्यातून कापून काढली, मधून सायकलचा आरा आस म्हणून घातला. गाडी सतरंजीवर सरळ चालत होती. कादरभाईंनी ती एकदा पुढं, एकदा मागं नेली आणि म्हणाले, "हे चाक लंगडं हाय."

"मला नाही दिसत."

"पोरीले दिसन. चारही नवे करा."

चाकं मी तीनदा केली. हिरवा रंग दिला, तर म्हणाले ब्रशचे केस राहिले, खरवडा. मी चिडलो. म्हणालो, "तुम्ही ट्रक बांधता तेव्हा एवढं बघता का?" त्यांनी काच उचलली आणि माझ्याबरोबर रंग खरवडायला बसले. तेवढा वेळ त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, रागावले.

*

माघात मोटार पुरी झाली. आता तिच्यात खोट काढायला जागा उरली नव्हती. पुढचे दिवे म्हणून मी शर्टाची दोन पांढरी बटणं बसवली होती. रविवारी माधव आला तेव्हा ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून मी त्याच्यापुढं धरली.

"सिस्टरांनी औषधाच्या पाण्याने पुसून दिली आहे, भीती नाही. उद्याच्या गाडीनं कुणी अकोल्याला जाणारं असेल तर पाठव. छबीला सांग, आई बसेल एवढी मोठी नाही झाली."

माधवने हात पुढं केला नाही. त्याने कादरभाईंकडे पाहिलं. कादरभाई खाटेवरून उठले आणि व्हरांड्याबाहेर निघून गेले. तेव्हा मला कळलं की त्यांना काहीतरी माहीत आहे, आणि मला नाही.

"केव्हा?" मी विचारलं.

"दिवाळी झाल्यावर. आधी उलट्या झाल्या, मग डोकं दुखतं म्हणायची. अकरा दिवस होती. शेवटचे चार दिवस ओळखत नव्हती."

"कशानं?"

"भाऊजी, तेच दुखणं. डोक्यात गेलं होतं."

फडकं माझ्या मांडीवर होतं. त्यातून चाकं हाताला लागत होती. मी माधवला म्हणालो, "तू जा. उशीर होईल तुला." खरं तर दुपारचे चार वाजले होते.

तीन महिने मी एका मेलेल्या मुलीसाठी चाकं घासत होतो. आणि ती मेली होती ती माझ्यामुळे, माझ्या हातावर डोकं ठेवून झोपत होती म्हणून. ज्या दिवशी डॉक्टर म्हणाले उशीर करू नका, त्या दिवशी मी लोक काय म्हणतील याचा विचार केला म्हणून.

*

ताप परत आला. मी गोळ्या गादीखाली ढकलायला लागलो. सिस्टरांना कळलं. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, नुसत्या स्टूल घेऊन रोज बसायच्या, मी गिळेपर्यंत. कादरभाई एकदा म्हणाले, "मास्तर, मले शिव्या द्या. पण गोया घ्या." मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्याशी मी बोलणं टाकलं होतं.

आठवड्याने सुमती आली. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. मी तिला पहिलं वाक्य काय बोललो, तर, "पत्रात तिच्या नावानं लिहिताना तुझा हात कसा धजला?"

ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, सांगितलं तर तुम्हीही जाल. मला एक तरी माणूस ठेवायचं होतं." आणि थांबून म्हणाली, "ते एक वाक्य लिहीपर्यंत ती घरात असायची. म्हणून मी ते शेवटी लिहायची. उशिरा."

मग तिने ते विचारलं, जे तिने विचारायलाच हवं होतं.

"तुम्ही म्हणालात इथं दाखवू नको. मी ऐकलं. मी का ऐकलं?"

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. ती उठली, माझ्या पांघरुणाची घडी नीट केली आणि गेली.

*

चैत्रात कादरभाई बरे होऊन घरी निघाले. सामान बांधून ते माझ्या खाटेशी उभे राहिले. "मोटारीचं काय करता?"

"जाळून टाका." दोन महिन्यांत त्यांच्याशी बोललेले माझे हे दोनच शब्द.

खिडकीत पडून राहिलेली ती त्यांनी उचलली, गळ्यातल्या रुमालात बांधली आणि "खुदा हाफिज, मास्तर" म्हणून गेले. भाद्रपदात मलाही सोडलं. फुफ्फुसातली जखम भरून आली होती. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. बाकीच्यांनीही तेच म्हटलं.

शाळेने मला परत घेतलं, पण पहिलं वर्षभर वर्ग दिले नाहीत. पालकांची हरकत होती. मी कपाटातले नकाशे दुरुस्त करत बसायचो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वर्गात पाच-पाच, सहा-सहा वर्षांच्या मुली असत्या तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. घरी सुमती आणि मी भाजी, पाणी, पगार, पाहुणे यांविषयी बोलायचो. छबीचं नाव आम्ही घेत नव्हतो. एकदा घेतलं तर त्यामागून "तुम्ही" आणि "तू" येईल, अशी दोघांनाही धास्ती होती. अशी पाच वर्षं गेली.

ज्यांना लपवावं की सांगावं असा प्रश्न पडला आहे, त्यांनी मला विचारू नये. मला ते ठरवता आलेलं नाही. लपवलं म्हणून मी जगलो हे खरं, आणि लपवलं म्हणून मुलीच्या दुःखात मी बायकोजवळ नव्हतो हेही खरं. पण एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. घरात आजार निघाला त्याच दिवशी मुलांना दाखवा. शेजारपाजार, सोयरीक, नोकरी, सगळं नंतर.

*

सहाव्या वर्षी सुमतीच म्हणाली, "तुमचे ते मिस्त्री. त्यांना एकदा भेटून यायला हवं." तिने त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, आमच्या वॉर्डात ती यायची तेव्हा ते बाहेर जात. आम्ही अमरावतीहून एस.टी.ने अचलपूरला गेलो.

कादरभाई त्यांच्या शेडमध्ये खुर्चीवर बसले होते. आता हातात काम घेत नव्हते, नुसतं बघायचे. मला बघून उठायला लागले. मी त्यांचे दोन्ही हात धरले. येताना बोलायचं ते सगळं मी ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"तुम्हाला तेव्हा काय वाटत होतं?" एवढंच विचारलं. "मला परत परत चाकं करायला लावताना?"

"मी सुतार मानूस, मास्तर. मले काय समजते. येवढंच दिसलं का, गाडी चालू हाय तोवर तुमी गोया घेता." मग म्हणाले, "जाळली नाई मी. तुमचा हुकूम मोडला."

आतून त्यांच्या बायकोने मोटार आणून दिली. रंग मळका झाला होता, एक बटण गेलं होतं. सुमती फळ्यांच्या ढिगावर बसली आणि तिने ती मांडीवर घेतली. टपावरून हात फिरवला. बोटाने एकेक चाक फिरवून पाहिलं. आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो. तिने मला विचारलं, "दारं उघडत नाहीत?"

"नाही. आत भरीव आहे."

"मग ती रडली असती," सुमती म्हणाली. "आधी दारच उघडायला गेली असती."

जरा वेळाने तिने मोटार फडक्यात बांधली आणि कादरभाईंच्या हातात परत दिली. "तुमच्याकडेच राहू द्या, भाई. घरी नेली तर मी दिवसभर पुसत बसेन."

परतताना एस.टी.त गर्दी नव्हती. अचलपूर सोडलं आणि सुमतीने सांगायला सुरुवात केली. खिडकीबाहेर बघत, हळू आवाजात. पहिल्या दिवशी छबीने वरणभात कसा नाही म्हटला. दुसऱ्या दिवशी उजेड कसा नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी कोण आलं, कोण आलं नाही. मी एकही प्रश्न विचारला नाही. "तुम्ही" हा शब्दही तिने घेतला, आणि मी तो ऐकून घेतला. अमरावतीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ती सातव्या दिवसाशी आली होती. समोर अकोल्याची गाडी उभी होती, कंडक्टर हाका मारत होता. मी सुमतीकडे पाहिलं. ती बाकावर बसली. मीही बसलो. गाडी गेली, तिच्यानंतरची गेली. अकरावा दिवस सांगून झाला तेव्हा उन्हं कलली होती, आणि माझ्या मुलीच्या मरणाला मी पहिल्यांदा हजर होतो.